ख्रिस्ती कीर्तन आणि आपला वाङ्मयेतिहास

रेव्हरंड नारायण वामन टिळक मराठीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे दोन ठिकाणी भेटतात. आधुनिक कवितेच्या पाठ्यपुस्तकात ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटतात, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाईंचे विक्षिप्त, उदार, कुणाला न सांगता घराबाहेर पडणारे यजमान म्हणून. गावोगाव जाऊन ख्रिस्ताचे कीर्तन करणारे, मंडळींसाठी भजने आणि अभंग रचणारे तिसरे टिळक मात्र त्याला क्वचितच भेटतात. त्यांची सोय आपण ‘धर्मप्रसारपर रचना’ या कप्प्यात लावून दिली आहे. हा कप्पा उघडण्याची गरज वाङ्मयेतिहासकारांना फारशी वाटलेली नाही. काव्य हवे तर ‘वनवासी फूल’ वाचा, कीर्तने-भजने चर्चवाल्यांसाठी, अशी ही अलिखित वाटणी आहे.

ही वाटणी चुकीची आहे, असे माझे मत आहे. टिळकांवर किंवा ख्रिस्ती समाजावर अन्याय झाला हे त्याचे एक कारण; पण मी येथे ज्या कारणाचा विचार करणार आहे ते वाङ्मयीन आहे. चालत्या वाटेवर, अनोळखी श्रोत्यांसमोर गायल्या जाणाऱ्या रचनेला छापील कवितेचे माप लावले की तिच्यात उरते काय, हा तो प्रश्न. तो ख्रिस्ती कीर्तनापुरता मर्यादित नाही. मात्र ख्रिस्ती कीर्तनाच्या बाबतीत तो फार स्पष्टपणे समोर येतो.

आधी थोडा इतिहास पाहू. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने होतो. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेले हे पुराण ओवीबद्ध आहे आणि ते चर्चमध्ये, जमलेल्या भाविकांसमोर वाचले जाण्यासाठी लिहिलेले आहे. स्टीफन्स यांनी पुराण हा प्रकार निवडला, कारण नवख्रिस्ती श्रोत्यांच्या कानाला पुराणाची सवय होती आणि ती सवय बाप्तिस्म्याने सुटत नाही हे त्यांना कळले होते. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज हुकुमाने स्थानिक भाषांचीच गळचेपी आरंभली आणि ही परंपरा खुंटली. मराठी प्रदेशातील ख्रिस्ती रचनेला त्यानंतर दुसरा आरंभ मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले, आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. याच अहमदनगरच्या परिसरात, शतकाच्या उत्तरार्धात, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलून त्यात बायबलमधील आख्याने बसवली. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पुढे नगरला आल्यावर त्यांना हा साचा तयार मिळाला. त्यांनी त्यात वारकरी अभंगाचा सूर मिसळला, भाषा सोपी केली, आणि मराठी चर्चच्या उपासनेत आजही गायली जाणारी शेकडो पदे दिली.

दोन्ही आरंभांत एक महत्त्वाचा फरक आहे. ‘क्रिस्तपुराणा’चा श्रोता चर्चमध्ये आलेला होता आणि पुराण संपेपर्यंत तो बसणार होता. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावी चावडीपुढे किंवा झाडाखाली उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती कीर्तनकाराचा श्रोता मात्र कुठल्याही क्षणी उठून जाऊ शकत होता. त्याला या कथेबद्दल आस्था नव्हती. असलाच तर संशय होता, कारण पाद्री आला म्हणजे कुणाला तरी बाटवणार, ही समजूत गावात पक्की होती. अशा श्रोत्याला दीड-दोन तास बसवून ठेवायचे तर वक्तृत्व, ताल, विनोद, दृष्टान्त या साऱ्यांचा कस लागतो. मिशनऱ्यांनी केलेल्या भाषांतरांतील अवघड, परक्या वळणाचे मराठी आपल्या परिचयाचे आहे. त्याला ‘पाद्री मराठी’ असे हिणवलेही जाते. तेच मराठी कीर्तनात आणि भजनात येते तेव्हा एकदम सैल, घरगुती, कानाला ओळखीचे होते. हा चमत्कार एखाद्याच्या प्रतिभेपुरता नाही. व्यासपीठावरून बोलणाऱ्याला बोजड वाक्य परवडते. रस्त्यावर गाणाऱ्याला ते परवडत नाही, कारण त्या वाक्याची किंमत त्याला तिथल्या तिथे मोजावी लागते.

कीर्तनाच्या रचनेकडे पाहिले तर अडचण आणखी स्पष्ट होते. नारदीय कीर्तनात नमन, पूर्वरंगातील निरूपण, मध्यंतरीचे भजन, उत्तररंगातील आख्यान आणि शेवटची आरती असा क्रम असतो. यात आख्यान सर्वांना आधीच माहीत असते. हरिश्चंद्र राज्य गमावणार, सुदामा पोहे घेऊन द्वारकेला जाणार, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. बुवा ते कसे सांगतात यासाठी लोक बसतात. साकी, दिंडी, आर्या, ओवी अशी छंदांची पालट, पेटी-तबल्याची किंवा झांज-मृदंगाची साथ, मध्येच एखादा चुटका, ही सारी सजावट माहीत असलेल्या गोष्टीवर चढवलेली असते. ख्रिस्ती कीर्तनकाराजवळ साचा तोच होता, पण त्याच्या श्रोत्याला गोष्ट माहीत नव्हती. म्हणजे त्याला एकाच वेळी गोष्ट सांगायची होती आणि ती जुनीच आहे असे वाटायलाही लावायचे होते.

उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. बाप जिवंत असताना धाकटा मुलगा आपला वाटा मागतो, तो घेऊन परमुलखात उधळतो, दुष्काळात डुकरांमागे राहतो आणि शेवटी परत येतो. थोरला भाऊ रागावतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला या गोष्टीसाठी कुठल्याही पुराणाची गरज नाही. वाटणी, दुष्काळ, परगावी गेलेला मुलगा आणि घरी राबणाऱ्या थोरल्याचा रुसवा हे त्याच्या वाड्या-वस्तीवरचेच आहे. उलट वल्हांडणाची किंवा करारकोशाची गोष्ट सांगायची तर प्रत्येक शब्दाला टीप जोडावी लागते. ख्रिस्ती कीर्तनाच्या आख्यानांचा अभ्यास कुणी करील, तर कोणत्या कथा रस्त्यावर टिकल्या आणि कोणत्या चर्चच्या भिंतींच्या आत राहिल्या, हा पहिला प्रश्न विचारण्याजोगा आहे. रूपांतराचा सिद्धान्त शिकवताना आपण परदेशी उदाहरणे देतो. हे उदाहरण आपल्या दाराशी आहे.

आता पैशाचा विषय. साहित्याच्या चर्चेत तो अप्रशस्त मानला जातो, पण फिरत्या गायकाच्या कलेत तो आतपर्यंत शिरलेला असतो. नारदीय कीर्तनकाराला बिदागी मिळते, आरतीच्या ताटात ओवाळणी पडते. वारकरी परंपरेत कीर्तनाच्या मोबदल्यात काही घेण्याला तुकोबांनी केलेला विरोध प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी गायक आणि गाव यांचे नाते सरळ आहे: एकीकडे गाव देते, दुसरीकडे गायक नाकारतो. ख्रिस्ती कीर्तनकाराला मात्र गावाकडून काहीच मिळत नसे, आणि नाकारण्यासारखेही काही त्याच्यापुढे नसे. त्याचा पगार मिशनकडून येत असे, आणि मिशनला पैसा समुद्रापलीकडून येत असे. मग झाडाखाली बसलेल्या श्रोत्याच्या मनात उमटणारी शंका, की हा गातो ते मनापासून की पगारासाठी, तिला कितीही गोड चालीने उत्तर देता येत नाही.

टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला राहून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. चरित्रकार या घटनेकडे आध्यात्मिक परिणती म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण कीर्तनाच्या दृष्टीने पाहिले तर हा वाङ्मयीन निर्णयही ठरतो. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणणाऱ्या कवीला, तुकोबांचा अभंग हाती धरून परक्याच्या पगारावर फिरणे किती काळ जमले असते? अभंगाच्या सुरातच निर्धनतेची अट आहे. ती अट पाळल्याशिवाय तो सूर खोटा लागतो, हे टिळकांना पटलेले असावे असे मला वाटते. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

याच काळातली दुसरी एक फिरती मंडळी तुलनेला घेण्यासारखी आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथील फिस्क हे मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी निघालेले विद्यालय कर्जात बुडाले, तेव्हा ६ ऑक्टोबर १८७१ रोजी तिथल्या विद्यार्थ्यांचे एक लहानसे गायनपथक दौऱ्यावर निघाले. ‘जुबिली सिंगर्स’ या नावाने ते पुढे गाजले. आरंभी ते गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची गाणी गात. गुलामगिरीतली भक्तिगीते परक्यांसमोर गाण्याचा त्यांना संकोच होता, कारण ती आईबापांची, रात्री झोपडीत गायली जाणारी गाणी होती. पण हीच गाणी श्रोत्यांना हवी होती. हॉटेलांनी त्यांना राहायला जागा नाकारली, आगगाडीत अपमान सोसावे लागले, गायक-गायिका आजारी पडल्या. तरी इंग्लंड-युरोपपर्यंत जाऊन सात वर्षांत त्यांनी सुमारे दीड लाख डॉलर जमवले आणि त्यातून विद्यालयाची इमारत उभी राहिली. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखाली या नावाचे पथक १८८४ ते १८९० या वर्षांत जगभर फिरले आणि हिंदुस्थानातही येऊन गेले.

ख्रिस्ती संगीताच्या फिरस्तीचा हा सर्वांत गाजलेला नमुना. त्याचे आणि नगरच्या कीर्तनाचे मार्ग एकमेकांच्या उलट आहेत. जुबिली गायकांनी आपले घरगुती गाणे परक्या श्रोत्याच्या सभागृहात नेले, तिकीट लावले, आणि पैसा घरी आणला. ख्रिस्ती कीर्तनकाराने परक्याची गोष्ट घरच्या सुरात बसवली, तिकीट लावले नाही, आणि पैसा परक्याकडून आला. पहिल्या प्रकारात गाणे शिस्तबद्ध झाले, त्याचे स्वरलेखन झाले, ते जगाच्या संगीताच्या इतिहासात गेले. दुसऱ्या प्रकारात शब्द तेवढे छापले गेले. चाली, हातवारे, मध्येच घातलेले दृष्टान्त, श्रोत्यांच्या शंका हे सारे ज्याचे त्याच्याबरोबर गेले. आज आपण टिळकांच्या ‘अभंगांजली’चे परीक्षण करतो तेव्हा नाटक न पाहता त्याच्या संहितेवर निकाल देतो, तसेच काहीसे करत असतो.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. हे सारे धर्मांतरासाठी होते. कीर्तनाचा साचा घेतला तो कलेच्या प्रेमाने नव्हे, आपला माल खपवण्यासाठी; वारकऱ्यांचे वाद्य घेऊन वारकऱ्यालाच पंढरीची वाट सोडायला सांगायचे, याला उसनवारी म्हणायचे की हातचलाखी? या आक्षेपात तथ्य आहे. मिशनांचे कित्येक अहवाल कीर्तनाकडे गर्दी जमवण्याचे साधन म्हणून पाहतात. जिथे रचनाकाराची दृष्टीही तेवढीच होती, तिथे रचना निर्जीव झाली आहे. वाचणाऱ्याला ते दोन कडव्यांत कळते.

पण प्रचार आहे म्हणून वाङ्मय नाही, हा निकष आपण इतरत्र लावतो का? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या वस्तीत, चाळींच्या चौकांत, मैदानांत आणि मग महाराष्ट्रभर फिरून त्यांनी जे सादर केले ते उघडउघड पक्षाच्या विचाराचे होते. तमाशाचा साचा घेऊन त्यांनी त्यातली गण-गौळण पालटली आणि देवाच्या जागी कामगाराला वंदन केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी केलेले काम मुंबईला ठाऊक आहे. आंबेडकरी जलशांनी तर एका धर्मांतराची मनोभूमी तयार केली. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले ते समतेचा आणि बुद्धाच्या धम्माचा विचार पोहोचवण्यासाठीच. या साऱ्याला आपण आज लोकवाङ्मय, शाहिरी वाङ्मय, दलित वाङ्मय म्हणून आदराने शिकवतो. तसे शिकवलेच पाहिजे. पूर्वी त्यालाही ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला सारले जात होते, आणि ती चूक दुरुस्त व्हायला बराच काळ लागला. मग प्रश्न असा की, जुना साचा घेऊन नवा विचार रस्त्यावर नेणे हे शाहिराच्या बाबतीत परंपरेचे पुनरुज्जीवन, आणि ख्रिस्ती कीर्तनकाराच्या बाबतीत हातचलाखी, हे कोणत्या तर्काने ठरते?

एक उत्तर संभवते: शाहीर आणि जलसाकार पिळलेल्यांच्या बाजूने बोलत होते, मिशनच्या मागे साम्राज्य उभे होते. हा फरक खरा आहे आणि तो शिकवताना सांगितलाच पाहिजे. मात्र नगर जिल्ह्यात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्यात गावकुसाबाहेरच्या लोकांची संख्या मोठी होती, हेही त्याच्या जोडीने सांगावे लागेल. देवळात ज्यांना मंडपाच्या आत येऊ दिले जात नव्हते, त्यांच्यातलाच कुणी आता कीर्तनकार म्हणून उभा राहत होता, हातात टाळ घेऊन गोष्ट सांगत होता. पायरीवर थांबून कीर्तन ऐकणारा माणूस नारदाच्या जागी येऊन उभा राहतो, ही घटना केवळ मिशनच्या जमाखर्चात मांडून संपत नाही. आंबेडकरी जलशाचा अभ्यासक या घटनेकडे पाहील तर त्याला आपल्या विषयाची एक जुनी, थोडी अडचणीची, पण नात्यातली शाखा सापडेल.

या विषयाला मुंबईची, त्यातही गिरगावची, स्वतंत्र बाजू आहे. १८५७ साली चौपाटीच्या वाळूवर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात महिनोन्‌महिने जाहीर वादविवाद झाले. विष्णुबावा स्वतः फिरते प्रवचनकार होते. त्याच १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील ही पहिली स्वतंत्र कादंबरी एका प्रवासाची आहे: यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि विधवांची दुःखे पाहते. म्हणजे वाद आणि पर्यटन असे दोन मार्ग एकाच वर्षी खुले झाले होते. वादात कुणीतरी हरावे लागते, आणि हरलेला माणूस ऐकून घेत नाही. गोष्ट सांगत फिरणाऱ्याला हरवण्यासारखे कुणी समोर नसते. पुढे ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची वाट धरली त्यामागे वादाचा हा अनुभव असावा, असा माझा तर्क आहे. दुसरीकडे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने गिरगावातल्या आपल्या मंदिरात मूर्तीशिवाय तुकोबांचे अभंग गायला आरंभ केला. विल्सन कॉलेज, प्रार्थना समाजाचे मंदिर, मराठी चर्चे आणि हरिदासांची कीर्तने हे सारे पायी अर्ध्या तासाच्या अंतरात होते. एकच अभंग देवळात, समाजमंदिरात आणि चर्चमध्ये तीन अर्थांनी गायला जात होता. मराठी प्रबोधनाचा इतिहास आपण ग्रंथ आणि नियतकालिके यांच्या आधारे लिहिला. या एका वस्तीत कानावर काय पडत होते त्याच्या आधारे तो लिहिला तर वेगळा दिसेल.

त्याच गिरगावात, कावेल आणि धोबीतलावच्या बाजूला, ख्रिस्ती संगीताची आणखी एक फिरस्ती नांदत होती. गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फेज शिकून आलेले वादक गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत उतरत आणि तिथून बँडांत, पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जात. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग, ‘इटालियन भुरगो’, १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच झाला, गोव्यात नव्हे. ही मंडळी धर्मप्रसारासाठी फिरत नव्हती, पोटासाठी फिरत होती. कोंकणी अभ्यासकांनी तियात्राचा इतिहास जपला, प्रयोगांच्या तारखा नोंदवल्या, आणि आज तो त्यांच्या वाङ्मयाचा अविभाज्य भाग आहे. मराठीला आपल्या ख्रिस्ती कीर्तनाबाबत हे जमले नाही. त्याचे कारण सामग्रीचा अभाव एवढेच नसावे. मराठी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द एकत्र उच्चारताना आपण अजून किंचित अडखळतो. वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या झग्यावरच अधिक चर्चा झाली, ती या अडखळण्यामुळेच.

फिरस्तीच्या गौरवात एक गोष्ट सहज विसरली जाते: घर. टिळक फिरत होते तेव्हा घर लक्ष्मीबाई चालवत होत्या. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक विनोदासाठी आणि निरागस शैलीसाठी वाखाणले जाते. पण ते फिरत्या कवीच्या घराचा हिशोबही आहे. पैसे कुणाला देऊन टाकले, पाहुणे किती आले, टिळक कुठे गेले, कधी येणार, या प्रश्नांनी त्याची पाने भरली आहेत. टिळकांच्या धर्मांतराची सुरुवातही प्रवासातच झाली: रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्या एका प्रवासाची किंमत लक्ष्मीबाईंनी पुढे कित्येक वर्षांच्या ताटातुटीने मोजली. नंतर १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, आणि टिळकांनी आरंभून अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. पंडिता रमाबाईंचे बालपणही असेच रस्त्यावर गेले. पुराणे सांगत देशभर पायी फिरणाऱ्या आईबापांची ती मुलगी, आणि त्या वाटेवरच दुष्काळात तिने आईबाप गमावले. पुढे केडगावला मुक्तिमिशन उभारताना तिने आधी काय बांधले असेल, तर एक घर. फिरत्या गायकाच्या कलेचे मूल्यमापन करताना त्याच्यामागे थांबलेल्यांच्या श्रमांचाही विचार करणे, हे स्त्रीवादी समीक्षेचे सरळ काम आहे. त्यासाठी मराठीत ‘स्मृतिचित्रे’इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

मग करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. पहिली, टिळकांचे अभंग आणि भजने शिकवताना ती ऐकवली जावीत. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हाताशी घेऊन गाणारी वयस्क मंडळी मुंबई, पुणे, नगर, नाशिक येथे आहेत. त्यांच्या तोंडून चाली नोंदवून घेण्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. एखाद्या मराठी विभागाने उन्हाळ्याच्या सुट्टीत चार विद्यार्थी पाठवले तरी पुरेल. दुसरी, कीर्तन हा प्रकार विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहावा. दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे, तिथे नारदीय कीर्तनाचे रीतसर शिक्षण दिले जाते. पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक संध्याकाळ तिथे बसणे अधिक उपयोगाचे आहे, आणि मग ख्रिस्ती आख्यान हातात घेतले तर साचा कुठे जसाच्या तसा आहे नि कुठे वाकवला आहे हे आपोआप दिसेल. तिसरी, शाहिरी, जलसा आणि ख्रिस्ती कीर्तन या तिन्हींचा एकत्र अभ्यास व्हावा. तिन्हींचा श्रोता अनोळखी, तिन्हींचा हेतू पालट घडवण्याचा, तिन्हींनी जुना साचा वापरलेला. तिन्ही एकाच तासाला शिकवल्या तर प्रचार आणि वाङ्मय यांच्या सीमेबद्दल विद्यार्थी जे बोलतील ते आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या उत्तरांपेक्षा निश्चितच सकस असेल.

यातून टिळकांची प्रत्येक भजनरचना थोर ठरेल, असा माझा दावा नाही. पुष्कळशा सामान्य आहेत, काही केवळ उपयोगापुरत्या आहेत. कोणत्याही संप्रदायाच्या गाथेबद्दल असेच म्हणता येईल. मागणी एवढीच की, त्या रचनांचे बरेवाईट ठरवताना त्या जिथे आणि ज्यांच्यासमोर गायल्या गेल्या, ती जागा आणि ते श्रोते हिशोबात धरले जावेत. ज्या कवीच्या फुलांच्या कविता आपण शाळेत पाठ करतो, त्याच कवीने आयुष्याच्या अखेरीस पगार टाकून कशासाठी वाट धरली, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. त्याशिवाय त्याला टिळक कळले असे म्हणता येणार नाही.